'ते' म्हणायचं नाही

हॉस्पिटलातून घरी आल्या आल्या, चपला अजून पायात होत्या तेव्हाच, मास्तरणीनं हुकूम काढला: या घरात माझ्या लेकराला कोणी 'ते' म्हणायचं नाही.

हुकूम मोडायची कोणाची छाती झाली नाही. एक तर चाळीस पोरांच्या वर्गाला नुसत्या नजरेनं गप्प बसवण्याचा तिचा सराव दांडगा होता. दुसरं म्हणजे, तो शब्द तिनं कुठे ऐकला हे सगळ्यांना ठाऊक होतं. वॉर्डातल्या पडद्यापलीकडून एक आया दुसरीला विचारत होती, "ते कुठल्या खाटेवर आहे गं? ते... तसलं?" तसलं म्हणजे कसलं, असं जाऊन विचारायचं तिच्या अंगात त्राण नव्हतं. तिनं फक्त कूस वळवली आणि बाळाच्या कानावर हात ठेवला. उशाशी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, म्हणजे धाकट्यानं, ते पाहिलं, आणि आपण उठून त्या आयेला चार शब्द का सुनावले नाहीत, याची रुखरुख त्याला लागून राहिली.

पण मग बोलायचं कसं? 'तो' म्हणावं की 'ती', हे डॉक्टरांनाच ठामपणे सांगता येत नव्हतं, कारण बाळाच्या अंगाची ठेवण दोन्हींपैकी कुठल्याच खणात नीट बसत नव्हती. 'ते' तर बंदच. 'बाळ' म्हणायला तशी हरकत नव्हती, पण 'बाळ' म्हटलं की पाठोपाठ 'झोपलं', 'उठलं', 'रडलं' येणार आणि मास्तरणीच्या कपाळाला आठी पडणार. तेव्हा घरच्या बेकरीवरच्या खोल्यांत सगळी माणसं काचा सांडलेल्या फरशीवरून चालावं तशी बोलायला लागली. "झोप लागली का?" "दूध पिऊन झालं का?" "भूक लागलेली दिसतेय." धाकट्याच्या काकांचे तर फारच हाल. त्यांचा आवाज मुळात पीठ मळायच्या मशीनवरून ओरडून कमावलेला, आणि विचार करून बोलायची सवय जन्मात नाही. "उठला... उठली... हे आपलं, जाग आली का?" एवढं बोलायला त्यांना घाम फुटायचा. मग ते सगळा राग पायऱ्यांवर काढत खाली भट्टीकडे जायचे.

एक बघूताई तेवढी कधी अडखळली नाही. पण हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बघू हे काही धाकट्याच्या बहिणीचं कागदावरचं नाव नव्हे. ते आईनं वैतागून ठेवलेलं. लहानपणापासून काहीही सांगा, ही म्हणणार, "बघू." नाहीतर "करीन." नाहीतर "येईन." बरं, कामाला वाघ. दुकानातला एकूण एक केक तिच्या हातचा; क्रीमचा कोन धरून ती नावं अशी लिहायची, की गिऱ्हाइकाला कापायला जिवावर यावं. पण "करते" म्हणून ती कधी उठली नाही. आधी "करीन", आणि थोड्या वेळानं बघावं तर "झालं". "हिचा सगळा कारभार उद्यावर," असं आई म्हणायची आणि घर हसायचं. त्यात धाकटा सगळ्यात जोरात.

त्या रविवारी दुपारी दुकान अर्धं बंद करून सगळे वर जमले. सर्जनला संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

वरची ती खोली भट्टीच्या बरोबर डोक्यावर, त्यामुळे तिची फरशी बारा महिने कोमट. बाळ मधोमध, पाव वाहायच्या लाकडी खोक्यात गादी घालून ठेवलेलं. घरातली सगळी मुलं याच खोक्यात वाढली होती. धाकटाही, बघूताईही. भिंतीशी आई आणि काका शेजारी शेजारी बसले होते, आणि हीच एक नवलाची गोष्ट होती. भट्टी लाकडावरून गॅसवर न्यायच्या भांडणापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद होतं. आज मात्र दोघांचा सूर एक होता.

"सर्जन काय म्हणाला ते परत सांग," काका म्हणाले.

"छोटंसं ऑपरेशन आहे म्हणाले," धाकटा म्हणाला. "लवकर केलेलं बरं. आणि मुलगी करणं सोपं पडतं."

"मग झालं तर! आपल्याला कुठे मुलगी नको आहे?"

"सोपं कुणाला?" मास्तरणीनं विचारलं.

काकांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं फरशीकडे पाहिलं.

"आणि ती दुसरी? बाळाची डॉक्टर?" काकूंनी विचारलं. काकू सहसा काकांच्या मागे बसायच्या आणि काकांचंच म्हणणं थोड्या हळू आवाजात पुन्हा सांगायच्या.

"तिचं म्हणणं वेगळंच आहे. रक्त तपासलं, अंगातलं मीठ तपासलं, सोनोग्राफी झाली. तब्येत ठणठणीत, लघवीला त्रास नाही. ती म्हणते, शरीराचे असे बरेच प्रकार असतात, आपल्याला माहीत नसतात एवढंच. हा काही आजार नाही. मुलगा म्हणून वाढवा की मुलगी म्हणून, ते आत्ता आमच्या मदतीनं ठरवा, पुढे त्यात बदलही होऊ शकतो. पण कात्री लावली की लावली, ती परत घेता येत नाही."

"पुढे बदल होऊ शकतो म्हणजे?" काकांचा आवाज चढला. "आज एक, उद्या एक? हे बघ, पावाला आकार द्यायचा तो भट्टीत घालायच्या आधी. एकदा आत गेला की मग कितीही..."

"काका," बघूताई म्हणाली, "बाळ आहे. पाव नाही."

ती खिडकीशी बसून क्रीमच्या कोनाची पितळी टोकं एकेक करून पुसत होती. रिकामे हात तिला कधी जमलेच नाहीत.

"तू तर बोलूच नकोस," काका म्हणाले. "तुला विचारलं तर तू म्हणशील, बघू. इथे बघायला वेळ कुठे आहे? खाली फ्रिजमध्ये केक तयार पडलाय, कोरा पांढरा. धाकट्याच्या वेळी कसा काचेत लावला होता, आठवतं ना वहिनी? 'आमच्याकडे मुलगा झाला.' रस्त्यावरचा जाणारा-येणारा थांबून वाचायचा. आता रोज गिऱ्हाइकं विचारतात, काय झालं? मी काय सांगू? आठवडाभर मी दात काढून नुसता हसतोय त्यांच्याकडे. लोकांना वाटत असेल, म्हातारा फिरला."

"बघूच्या वेळी कुठे लावला होता केक?" काकूंना आपलं सहज आठवलं.

"तेव्हा साखर मिळत नव्हती," आई घाईघाईनं म्हणाली.

हे घरात सगळ्यांना पाठ होतं. ताईच्या वेळी साखरेची टंचाई होती म्हणून केक लागला नाही. धाकटा लहानपणी तिला त्यावरून चिडवायचासुद्धा.

"मला एक सांगू?" मास्तरीण म्हणाली. बाळंतपणानं उतरलेला तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा दिसायला लागला. "मी रोज सकाळी मैदानावर रांगा लावते. शिट्टी वाजवते आणि ओरडते, मुलगे इकडे, मुली तिकडे. इतकी वर्षं वाजवतेय, कधी मनात काही आलं नाही. आता माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाही. सगळी पोरं धावत जाऊन आपापल्या रांगेत उभी राहिलीत आणि माझ्या एकट्या लेकराच्या वाट्याला मधली मोकळी जागा आली आहे. आणि शिट्टी माझ्या तोंडात." तिनं पदरानं नाक पुसलं. "करून टाकू ऑपरेशन. जी काही रांग मिळेल ती मिळू दे."

"तू म्हणशील तसं," धाकटा म्हणाला. त्याला त्या क्षणी एवढंच हवं होतं, की तिचं रडणं थांबावं. त्यासाठी तो कशालाही हो म्हणाला असता, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं.

"शहाणी माझी बाय," आई म्हणाली. ती उठून सुनेजवळ येऊन बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "अगं, लहानपणीच उरकलं की काही कळत नाही. काही आठवत नाही. खेळता खेळता विसरून जातात पोरं. मी पाहिलंय ना माझ्या डोळ्यांनी."

"कुणाचं पाहिलंत?" काकूंनी विचारलं.

तेवढ्यात खाली भट्टीची घंटा वाजली. दुपारची शेवटची खेप काढायची वेळ झाली होती, आणि करपलेल्या पावाचा वास काकांना घरातल्या कुठल्याही संकटापेक्षा आधी येतो. "मी आलोच. ठरवून टाका," असं म्हणून ते जिना उतरले.

"कुणाचं म्हणजे," आई म्हणाली, "होती एक. ओळखीतली. तिला आज विचाराल तर काहीसुद्धा आठवायचं नाही. चहा टाकते मी." आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"आठवतं," बघूताई म्हणाली.

खिडकीकडे तोंड करून, अगदी हळू म्हणाली. काकूंना ऐकू आलं नसावं. धाकट्याला ऐकू आलं, पण त्याला वाटलं ताई दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलतेय. मास्तरणीचं रडणं मात्र थांबलं. ती नणंदेकडे बघतच राहिली. वर्गात एखाद्या पोराच्या वहीकडे बघता बघता काहीतरी ध्यानात यावं, तसं तिला ध्यानात येत होतं.

"ताई, एक विचारू?"

"विचार की."

"मी घरात हा हुकूम काढला आणि सगळ्यांची तोंडं बांधली. माझंसुद्धा. प्रत्येक वाक्याच्या आधी मला थांबावं लागतं, आता कसं म्हणू. काका तर बिचारे... तुम्ही एकदाही अडखळला नाहीत. पहिल्या दिवसापासून."

बघूताई टोक पुसायची थांबली.

"आणि तुम्ही स्वतःबद्दलही असंच बोलता," मास्तरीण म्हणाली. "मी नवीन आले तेव्हाच कानाला लागलं होतं. 'मी जाते' नाही, 'मला जायचंय'. 'मी दमले' नाही, 'दमायला झालं'. मला वाटलं, असेल बोलायची लकब. भाषा शिकवते ना, तर उगाच लक्ष जातं. पण लकब इतकी पक्की नसते, ताई. माणूस कधीतरी चुकतंच."

धाकट्याला हसू आलं. काय तरी काढते ही मास्तरीण! त्याला ताईनं कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिचं बोलणं त्याच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? आत्ता दहा उदाहरणं देतो, असं ठरवून तो आठवायला लागला. शाळा सुटल्यावर फाटकाशी: "थांब तिथेच, मी येईन." तापात उशाशी बसून: "मी आहे ना." बाबा गेले त्या दिवशी: "मला काही सुचत नाही रे, धाकट्या." तो आणखी मागे गेला, आणखी पुढे आला. एखादं "मी येते". एखादं "मी आले". एखादं "मी विसरले". शेवटी शेवटी तर तो नुसते भांडणातले प्रसंग शोधायला लागला, रागाच्या भरात तरी तोंडून गेलं असेल म्हणून. त्याला एकही सापडलं नाही. ज्या बोलण्यावर तो बोलायला शिकला, त्यात तो शब्दच नव्हता, आणि आपण त्यावर जन्मभर हसत होतो.

"ताई?" तो म्हणाला.

"दर सुट्टीत आई मला मोठ्या हॉस्पिटलात न्यायची," बघूताई म्हणाली. "तेव्हा तुला घरचे काय सांगायचे?"

"ताईचं पोट दुखतं."

"हं. पोट." तिनं हातातलं टोक खिडकीत उभं ठेवलं. "तिथे पांढऱ्या कोटातली पोरं यायची, घोळका करून. शिकणारी. चादर वर करायची, कोणीतरी काठीनं दाखवायचं, ती लिहून घ्यायची. दार सताड उघडं. एक जण तर बिस्कीट खात खात बघत होता. माझी नजर सारखी त्या बिस्किटावर. कारण ते आपल्याच बेकरीचं होतं."

काकूंनी तोंडावर हात धरला.

"टाके उसवले म्हणून पुन्हा नेलं. मग वाढ झाली म्हणून पुन्हा. अजून थंडीत ओढ बसते." मग ती फक्त मास्तरणीकडे बघून म्हणाली, "आणि जिथे काही वाटायला हवं, तिथे मला काही वाटत नाही. बाकीचं तुझं तू समज."

खोक्यात बाळानं मूठ उघडली, मिटली.

काकू मनानं साध्या होत्या, आणि साधी माणसं जे विचारतात तेच त्यांनी विचारलं. "म्हणजे बघू, तू खरं म्हणजे मुलगा आहेस का गं?"

"नाही हो काकू." बघूताई चक्क हसली. "तसं असतं तर किती सोपं होतं. मला 'ताई' म्हणतात ते मला हवंय. या गाढवानं 'ताई' अशी हाक मारली नाही, तर मला दिवसभर करमणार नाही. पण 'मी येते' म्हणायला तोंड उघडलं, की दुसऱ्या कोणाचं तरी वाक्य वाचून दाखवल्यासारखं वाटतं. 'येतो' म्हणूनही पाहिलं एकदा. खाली गोदामात, मैद्याच्या पोत्यांसमोर. तेही तसंच. पोत्यांनासुद्धा पटलं नाही. मग एक दिवस लक्षात आलं, 'येईन' म्हटलं की कोणी काही विचारत नाही. 'येईन' म्हणताना माणूस नुसतं माणूस असतं. झालं. तेव्हापासून मुक्काम तिथेच."

"आणि तसं सगळ्यांनाच वाटतं?" मास्तरणीनं विचारलं. तिला बाळाचं जाणून घ्यायचं होतं.

"मुळीच नाही. हॉस्पिटलात एक भेटली होती. तिचं-माझं दुखणं एकच म्हणायचे डॉक्टर. तिला आपण मुलगी आहोत याबद्दल कधी शंकासुद्धा आली नाही. नवरा आहे, संसार आहे, मजेत आहे. दुसऱ्या एकाला मुलगी म्हणून वाढवलं, तर मिसरूड फुटायच्या वयात तो म्हणाला, मी मुलगा आहे. आणि आहेच तो. प्रत्येकाचं निराळं. अंगावरून ओळखता येत नाही गं ते, विचारावं लागतं. आणि विचारायचं तर आधी समोरच्याला बोलता यायला हवं." तिनं खोक्याकडे पाहिलं. "मला विचारलं असतं तर कदाचित मीही 'मुलगीच' म्हटलं असतं. कोण जाणे. नुसतं विचारायचं राहून गेलं."

"तुला कळलं होतं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे तसाच होता. धाकट्यानं उठून ट्रे तिच्या हातातून काढून घेतला.

"कळलं होतं, आई."

"कधी?"

"शाळेत असतानाच. व्रणाला पोटाचा व्रण म्हणायचं, तर तो पोटावर तर हवा."

"मग बोलली का नाहीस माझ्याशी? इतकी वर्षं?"

"बोलायचं खूपदा ठरवलं. दर वेळी तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, बघू."

आई खाली बसली. "त्यांनी सांगितलं होतं, कोणाला कळू देऊ नका. तिलासुद्धा नाही. जितकं कमी कळेल तितकी साधी वाढेल. तुझ्या बाबांनी केकचं सामान काढलं होतं, ते परत फडताळात ठेवलं. मी लोकांना साखरेचं सांगितलं. मला वाटायचं, तू आळशी आहेस. उद्यावर टाकतेस. आल्या-गेल्याला सांगून हसले मी. नाव ठेवलं गं मी तुला! माझ्या पोरीला मीच नाव ठेवलं!"

बघूताई खिडकीतून उठली आणि आईच्या पुढ्यात येऊन बसली. धाकट्याला वाटलं, आता ती रागावेल. तिनं रागवावं असं त्याला कुठेतरी वाटतही होतं. रागवायचा तिला हक्क होता आणि तो आजवर तिनं वापरलाच नव्हता.

"राग आहे मला," ती म्हणाली, जणू त्याच्या मनातलं ऐकलं असावं. "पुष्कळ आहे. तो एका चहात संपायचा नाही. पण नाव ठेवलंस ते बरं केलंस. तुम्ही मला जे जे दिलंत, त्यात तेवढंच एक मला नीट मापाचं झालं."

आईनं तिचा हात धरला. क्रीमच्या टोकांनी बोटांच्या टोकांना घट्टे पडलेला तो हात ती उलटा-सुलटा करून बघत राहिली. मग आई धाकट्याकडे वळली.

"मी मघाशी काय म्हणाले ते विसर," ती म्हणाली. "तो डॉक्टर वाईट नव्हता. त्याला जे माहीत होतं ते त्यानं सांगितलं, आणि मी घाबरलेली होते, मी हो म्हटलं. मला विचारायला कोणी नव्हतं. तुला आहे. तुझी बहीण आहे. तिला विचार."

"ताई, काय करू?" धाकट्यानं विचारलं. लहानपणी गणित अडलं की विचारायचा, त्याच आवाजात.

"मला कशाला? तिला विचार. आई ती आहे."

सगळे मास्तरणीकडे बघायला लागले. मास्तरीण खोक्याकडे बघत होती. मघाशी तिनं हो म्हटलं होतं. ते मागे घ्यायला तिला भीती वाटत होती, आणि न घ्यायला त्याहून जास्त.

"आणि रांगा?" तिनं विचारलं. "शाळेतल्या? मी काय करू, ताई? खरंच सांगा."

"रांगा लावतं कोण?"

"मीच."

"मग उंचीनं लाव."

मास्तरीण तिच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला हे सुचलं नव्हतं. मग ती हसली. हसता हसता पुन्हा रडली. पण हे रडणं मघाचं नव्हतं. काकू कधी नव्हे त्या पुढे सरकून तिच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. "यांचं मी बघते," त्या म्हणाल्या. "घरभर ओरडतील आधी. ओरडू देत. भट्टीपुढे उभं राहून माणूस तापतंच."

"फोन लाव," मास्तरीण धाकट्याला म्हणाली. "नाही म्हणून सांग."

धाकट्यानं फोन लावला. पलीकडे सर्जनच्या दवाखान्यातली बाई होती, मागे कुठलं तरी बाळ रडत होतं.

"ऑपरेशन करायचं नाही," तो म्हणाला. "आम्ही थांबतोय. बाळाच्या डॉक्टरांकडे दाखवत राहू."

"पण डॉक्टरांनी लवकर करायला सांगितलंय," बाई म्हणाली. "मग केव्हाची तारीख टाकू?"

"बघू," धाकटा म्हणाला.

ते त्याच्या तोंडून गेलं आणि मग त्याला ऐकू आलं. त्यानं फोन ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं. ती खाली मान घालून हसत होती, खांदे हलत होते, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचीही तिला शुद्ध नव्हती. आईसुद्धा हसली. या घरात आजवर त्या शब्दावर कितीदा तरी हसून झालं होतं, पण त्यात ताई पहिल्यांदाच सामील होती.

हसण्याचा आवाज जास्त झाला म्हणून की काय, खोक्यातून कुरकुर ऐकू आली. मास्तरणीनं वाकून एका हातानं थोपटायला सुरुवात केली. थोपटता थोपटता ती आपली पुटपुटत होती, शब्द नसलेलं काहीतरी. कुरकुर मंदावली, मूठ सैल पडली. गरम पावाचा वास जिन्यातून वर येत होता आणि त्याच्या पाठोपाठ काकांची पावलं.

काका दारात उभे राहिले. कपाळाला पीठ, हातात अजून वाफाळणारा पाव, आणि आवाज मशीनवरून ओरडण्याचाच.

"मग? ठरलं का नाही अजून? केकवर काय लिहायचं? मुलगा का मुलगी?"

काकू त्यांना गप्प करायला उठणार होत्या. पण त्याआधीच मास्तरणीनं ओठांवर बोट ठेवलं. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. तिचं सगळं लक्ष त्या लाकडी खोक्यात होतं.

"हळू बोला ना, काका," ती म्हणाली. "ते झोपलंय."